हिरवी अट कुठे लिहायची? : सरकारी खरेदीवर वाचकांचे प्रश्न

सरकारी कार्यालयांनी पर्यावरणाचा विचार करून खरेदी करावी, असा लेख मी गेल्या अंकात लिहिला होता. त्यावर आलेली बहुतेक पत्रं खरेदी विभागात, भांडारात, बांधकाम शाखेत रोज काम करणाऱ्यांची आहेत. ‘का करायचं’ हे त्यांना पटलेलं आहे, अडतंय ते ‘कसं करायचं’ इथे. माझी नोकरी एका सार्वजनिक संस्थेच्या खरेदी कक्षात निविदांचे मसुदे लिहिण्यात आणि आलेल्या निविदांची छाननी करण्यात गेली. त्यामुळे हे प्रश्न मला फार ओळखीचे आहेत.

ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटात सरकारी खरेदी एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास असते, युरोपीय संघात सुमारे १४ टक्के. कागद, वीज, बस, सिमेंट, औषधं, संगणक, फिनाइल असं सगळं त्यात आलं. इतकं मोठं गिऱ्हाईक बाजाराकडे काय मागतं, यावर बाजार काय बनवणार हे बऱ्याच अंशी ठरतं. आता पत्रांकडे वळू.

प्रश्न : आमच्याकडे सर्वांत कमी दराचीच निविदा मंजूर करावी लागते. कमी वीज खाणारं यंत्र थोडं महाग असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर जातं. ते घ्यायचं म्हटलं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. मग करायचं काय? (सहायक अधिकारी, खरेदी विभाग)

दराचे लिफाफे उघडले, तुलनात्मक तक्ता तयार झाला, की पर्यावरणाचा विचार घुसवायला जागा उरलेली नसते. उरूही नये. ‘दुसऱ्या क्रमांकाचं यंत्र हिरवं आहे, तेच घेऊ’ अशी टिपणी त्या टप्प्यावर कोणी लिहिली, तर निघणारा आक्षेप रास्तच आहे. ज्याचा दर सर्वांत कमी होता त्या बिचाऱ्याला ही अट आधी कोणी सांगितलीच नव्हती. म्हणून तुमचं सगळं काम निविदा प्रसिद्ध होण्याआधीचं आहे. मागणीपत्र येतं आणि विनिर्देश, म्हणजे माल नेमका कसा हवा याचं वर्णन, लिहायला घेतले जातात, त्या आठवड्यात ते होतं किंवा कायमचं राहून जातं.

सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत भक्कम जागा म्हणजे तांत्रिक विनिर्देश. किमान कार्यक्षमता तिथेच लिहिली, की त्याखालचं यंत्र दराच्या आधी उघडल्या जाणाऱ्या तांत्रिक लिफाफ्यातच बाद होतं. उरलेल्यांत सर्वांत कमी दर कोणाचा ते बघायचं. तुमचा नियम जसाच्या तसा पाळला जातो आणि माल हवा तसा मिळतो.

दुसरी वाट म्हणजे ‘कमी दर’ कशाचा मोजायचा, हे निविदेतच सांगणं. पाणीपुरवठ्याच्या पंपावरची १५ किलोवॅटची चार पोलची मोटर घ्या. आंतरराष्ट्रीय वर्गवारीनुसार ५० हर्ट्झवर आयई-२ वर्गाच्या अशा मोटरची कार्यक्षमता ९०.६ टक्के असते, आयई-४ वर्गाची ९३.९ टक्के. फरक जेमतेम सव्वातीन टक्क्यांचा. पूर्ण भाराला पहिली मोटर १६.५६ किलोवॅट ओढते, दुसरी १५.९७. वर्षाला ६,००० तास चालली, तर दुसरी मोटर दरवर्षी सुमारे ३,५०० युनिट वाचवते आणि पंधरा वर्षांत बावन्न हजारांवर. त्याच पंधरा वर्षांत पहिली मोटर जवळपास १५ लाख युनिट वीज खाते. सतत चालणाऱ्या मोटरची खरेदी किंमत तिच्या आयुष्यभराच्या वीजबिलापुढे अगदी किरकोळ असते. आपण मात्र तुलना करतो ती त्या किरकोळ रकमेचीच.

तेव्हा निविदेत सूत्र द्या : मूल्यमापनाची किंमत म्हणजे खरेदी किंमत, अधिक इतक्या वर्षांच्या इतक्या तासांची वीज या दराने, अधिक देखभाल, वजा शेवटी भंगारातून येणारी रक्कम. वर्षं, तास, वीजदर, भविष्यातल्या खर्चाचं आजचं मूल्य काढायचा दर हे सगळे आकडे तुम्ही द्यायचे. त्यातला एकही पुरवठादारावर सोपवायचा नाही, नाहीतर प्रत्येकजण आपल्या सोयीचे तास धरतो. पुरवठादाराने फक्त किंमत आणि कार्यक्षमता भरायची. या सूत्राने ज्याची बेरीज सर्वांत कमी, तोच न्यूनतम दर. लेखापरीक्षकाला दाखवायला नस्तीत गणित असतं आणि ते निविदेच्या तारखेआधीचं असतं. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशात आयुष्यभराच्या खर्चाची ही पद्धत स्वतंत्र कलम करून घातली आहे.

यात एक जोड विसरू नका. कागदावर ९३.९ टक्के लिहून आलेली मोटर चाचणीत ९२ निघाली तर काय, हे करारात असलं पाहिजे. आलेल्या मालातली कोणतीही मोटर आम्ही निवडून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवू, तूट निघाल्यास आयुष्यभराच्या जादा विजेइतकी रक्कम देयकातून कापू. हे वाक्य वाचल्यावर भरलेले आकडे आपोआप खरे व्हायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

तिसरी वाट गुणांकनाची. इथे फिनलंडमधल्या हेलसिंकी शहराचा खटला माहीत असावा. त्या शहराने बस चालवण्याच्या कंत्राटासाठी निविदा मागवल्या आणि नायट्रोजन ऑक्साइडचं उत्सर्जन किलोवॅट-तासाला ४ ग्रॅमच्या खाली असेल, तर प्रत्येक बसमागे जादा गुण ठेवले, २ ग्रॅमच्या खाली त्याहून जास्त. आवाज ७७ डेसिबलच्या खाली असेल, तर आणखी. नैसर्गिक वायूच्या बस असलेल्या शहराच्याच वाहतूक उपक्रमाला काम मिळालं आणि हरलेली कंपनी न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं, की हे गुण मोजक्याच लोकांना मिळण्यासारखे आहेत. युरोपीय न्यायालयाने २००२ मध्ये निकाल दिला : पर्यावरणाचे निकष चालतील, पण त्यांचा खरेदीच्या विषयाशी संबंध हवा, ते निविदेत स्पष्ट लिहिलेले हवेत, खरेदी करणाऱ्याला मनमानी निवड करू देणारे नकोत आणि कोणाशी भेदभाव करणारे नकोत. ते मोजक्याच कंपन्यांना जमतात एवढ्यावरून भेदभाव झाला असं होत नाही. तुमचा देश कोणताही असो, टिपणी लिहिताना या चार कसोट्या समोर ठेवून बघा. माझ्या टेबलावर त्या काचेखाली सरकवलेल्या असायच्या.

प्रश्न : आता प्रत्येक निविदेबरोबर ‘पर्यावरणपूरक’ असल्याचं प्रमाणपत्र येतं. पानावर पान, चकचकीत चिन्हं. यातलं खरं काय आणि सजावट काय, हे छाननीच्या दोन दिवसांत कसं ओळखायचं? (भांडारपाल आणि तांत्रिक छाननी समिती सदस्य)

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. सगळी साखळी शेवटी भांडाराच्या दारात पास किंवा नापास होते आणि तिथल्या माणसाला कोणी विचारत नाही.

आधी प्रमाणपत्रांच्या जाती ओळखा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांत त्या तीन आहेत. पहिलीत त्रयस्थ संस्था उत्पादनाच्या पूर्ण आयुष्याचा विचार करून निकष ठरवते, तपासते आणि चिन्ह वापरायला परवानगी देते. जर्मनीचं ‘ब्लू एंजल’ या प्रकारातलं सर्वांत जुनं, १९७८ चं. दुसरीत उत्पादक स्वतःच जाहीर करतो, ‘यात इतके टक्के पुनर्वापरित माल’. ते खोटं असेलच असं नाही, पण पुरावा मागायचा असतो. तिसरीत पर्यावरणीय परिणामांचे आकडे ठरावीक नमुन्यात देतात आणि ते त्रयस्थाने तपासलेले असतात. त्यात उत्पादन चांगलं की वाईट हा निवाडा नसतो, म्हणजे तिसऱ्या जातीचा कागद जोडला म्हणून माल हिरवा ठरत नाही. याशिवाय आयएसओ १४००१ चं प्रमाणपत्र हमखास जोडलेलं असतं. ते कारखान्याच्या व्यवस्थापन पद्धतीचं आहे. तुमच्या हातातल्या खोक्याबद्दल ते काहीच सांगत नाही. छाननीत सर्वांत जास्त गफलत इथे होताना मी पाहिली.

मग प्रमाणपत्र वाचा, आणि चिन्हापासून सुरुवात करू नका. नाव कोणाचं आहे ते बघा : निविदाधारकाचं, उत्पादकाचं की तिसऱ्याच कोणाचं? मॉडेल कोणतं? आमच्याकडे एकदा मॉडेलच्या क्रमांकात शेवटचं एक अक्षर वेगळं होतं. प्रमाणपत्र होतं ते त्याच मालिकेतल्या छोट्या यंत्राचं. कारखाना कोणता? एकाच ब्रँडचा माल दोन ठिकाणी तयार होतो आणि परवाना एकाच ठिकाणचा असतो, असं घडतं. मुदत कधी संपते? निविदेच्या दिवशी चालू असलेलं प्रमाणपत्र पुरवठ्याच्या चौथ्या हप्त्यापर्यंत चालू असेल का? शेवटी प्रमाणपत्राचा क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या सार्वजनिक नोंदीत टाकून बघा. एवढं एका प्रमाणपत्राला पाच-सात मिनिटांत होतं.

पुरवठा सुरू झाल्यावर तुमची खरी पाळी येते. आमचे एक भांडारपाल माल आला की वरचं खोकं कधीच उघडायचे नाहीत. थप्पी हलवायला लावून मधलं एखादं काढायचे, त्यावरचा बॅच क्रमांक पुरवठा आदेशाशी आणि नमुन्याच्या खोक्याशी ताडून पाहायचे आणि मगच पावतीवर सही करायचे. सफाईच्या द्रावणाचा एक हप्ता त्यांनी असाच परत पाठवला. वरच्या रांगेत मंजूर झालेलं सौम्य द्रावण होतं, खाली त्याच पुरवठादाराचं जुनं, क्लोरीनचा भपकारा येणारं. करारात प्रत्येक हप्त्याची तपासणी लिहिलेली होती, म्हणून त्यांना तो परत पाठवता आला.

काही गोष्टी मात्र खोकं उघडूनही कळत नाहीत. कागद हातात घेऊन त्यात जुन्या कागदाचा लगदा किती, हे सांगता येत नाही, प्रयोगशाळेलाही ते प्रमाण नेमकं काढणं अवघड जातं. जपानमध्ये सरकारी हरित खरेदीचा कायदा २००० साली झाला आणि २००१ पासून पूर्ण लागू झाला. तिथली शिस्त वाखाणण्यासारखी. तरी २००८ च्या जानेवारीत उघड झालं, की नववर्षाच्या पोस्टकार्डांत ४० टक्के जुन्या कागदाचा लगदा असल्याचं सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी खाली होता. पाठोपाठ मोठमोठ्या कागद कंपन्यांनी इतर कागदांबाबतही तसंच झाल्याची कबुली दिली. अशा मालासाठी गिरणीच्या नोंदी बघाव्या लागतात : किती रद्दी आत आली, किती लगदा झाला, किती कागद बाहेर गेला. ‘आम्ही किंवा आमचा प्रतिनिधी या नोंदी तपासू शकतो’ हे वाक्य करारात नसेल, तर ती टक्केवारी निविदेत लिहून उपयोग नाही.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. ऑस्ट्रियात कॅरिंथिया प्रांतातल्या केंद्रीय सरकारी कार्यालयांसाठी वीज घ्यायची होती. अपारंपरिक स्रोतांपासूनच्या विजेला निविदेत ४५ टक्के वजन दिलं होतं. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि २००३ मध्ये निकाल आला. ४५ टक्के वजनाला न्यायालयाने हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती दोन गोष्टींना. पुरवठादाराने दिलेली माहिती खरी आहे का, हे तपासायची सोयच खरेदीदाराने ठेवली नव्हती. आणि गुण दिले जात होते ते कार्यालयांच्या गरजेपेक्षा जास्त अशी जी वीज पुरवठादार इतर ग्राहकांना देणार होता तिच्यावर, म्हणजे खरेदीच्या विषयाशी संबंध नसलेल्या गोष्टीवर. तपासता न येणारा निकष सर्वांना समान वागणूक देत नाही, कारण त्याचा फायदा खोटं लिहिणाऱ्याला होतो. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. खरेदीतल्या प्रत्येक नव्या माणसाला तो पहिल्या आठवड्यात शिकवावा.

प्रश्न : आमचा छोटा कारखाना आहे. सफाईचं साहित्य बनवतो, माल चांगला आहे. निविदेत थेट एका महागड्या पर्यावरण चिन्हाचं नाव टाकलेलं असतं. चिन्ह मिळवायचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर. हा अन्याय नाही का? (एक लघुउद्योजक)

त्या चिन्हाशिवाय दुसरा कुठलाही पुरावा चालणार नाही असं लिहिलं असेल, तर आहे. नेदरलँड्समधल्या नॉर्थ हॉलंड प्रांताने चहा-कॉफीची यंत्रं आणि त्यातला माल मागवताना दोन चिन्हांची नावं घातली होती. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की चिन्हामागचे निकष निविदेत घ्या, पण तेवढंच एक चिन्ह अनिवार्य करू नका, दुसऱ्या मार्गाने निकष पूर्ण करणाऱ्यालाही आत येऊ द्या. पुढे २०१४ च्या निर्देशात काही अटींवर विशिष्ट चिन्ह मागायची मुभा मिळाली, तिथेही समतुल्य पुरावा स्वीकारण्याचं बंधन आहेच.

तेव्हा निविदापूर्व बैठकीला जा आणि लेखी विचारा : या चिन्हामागचे नेमके निकष कोणते, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल समतुल्य म्हणून घ्याल का? प्रश्न लेखी आला की उत्तर सर्व निविदाधारकांना द्यावं लागतं आणि गरज पडली तर शुद्धिपत्रक निघतं. तोंडी विचारलेला प्रश्न हवेत विरतो. तुमच्या धंद्यात द्रावणाचं विघटन किती होतं, त्यात कोणती द्रव्यं नाहीत, किती पाणी मिसळून वापरायचं, एवढ्या तीन गोष्टींचे अहवाल आधीपासून तयार ठेवा, जवळजवळ प्रत्येक निविदेत ते लागतात. आणि दाट द्रावण देणार असाल, तर मोजून पाणी मिसळणारा पंप सोबत द्या. सफाई कर्मचाऱ्याच्या हातात फक्त डबा आणि बादली असली, की अंदाजाने ओतलं जातं, दुप्पट संपतं आणि हात त्याचे भाजतात. ज्यांच्यासाठी माल घेतो त्यांच्या हातांचा विचार विनिर्देशात यायला हवा, असं मी दर बैठकीत म्हणायचे आणि आजही म्हणते.

खरेदी अधिकाऱ्यांनाही एक विनंती. मोठी मागणी एकगठ्ठा काढण्यापेक्षा भाग पाडून काढली, तर छोट्यांना शिरकाव मिळतो. आणि नवा निकष आणायचा असेल, तर वर्ष-दीड वर्ष आधी जाहीर करा.

प्रश्न : रस्ते-पुलांच्या कामात ‘हिरवं काँक्रीट’ घ्या असं परिपत्रक आलं आहे. हिरवं म्हणजे काय ते त्यात नाही. काय लिहू? (कनिष्ठ अभियंता)

सिमेंटमधून जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू बाहेर पडतो आणि सिमेंटचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक बहुतेक ठिकाणी सरकारच असतं. म्हणून तुमच्या टेबलावरचा एक परिच्छेद माझ्या टेबलावरच्या शंभर रिम कागदाहून जड आहे.

दोष आहे क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट बनवतात त्या भाजलेल्या खड्यांमध्ये. चुनखडी साधारण १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टीच्या इंधनाचा धूर त्यावर वेगळा. एक टन क्लिंकरमागे सुमारे ०.८ टन वायू, आणि त्यातला निम्म्याहून जास्त दगडातून आलेला. भट्टी सौरऊर्जेवर चालवली, तरी तेवढा येणारच. म्हणून उपाय म्हणजे क्लिंकर कमी वापरणं आणि त्याच्या जागी लोखंडाच्या झोतभट्टीची दळलेली मळी, औष्णिक केंद्राची राख किंवा भाजलेली चिकणमाती घालणं.

आता तुमच्या जुन्या विनिर्देशांची पानं उघडा. घनमीटरला किमान इतके किलो सिमेंट, अमुकच प्रकारचं, २८ दिवसांत इतकी ताकद. तुमच्या परिपत्रकाला अडवणारी ओळ हीच आहे. मळी किंवा राख घातलेलं काँक्रीट सुरुवातीला सावकाश घट्ट होतं आणि पुढे ताकद कमावतं. पायासारख्या भागाला २८ व्या दिवशी पूर्ण भार यायचाच नसेल, तर ५६ व्या दिवसाची ताकद मागा. किमान सिमेंटऐवजी हवी ती ताकद, पाणी आणि क्षार आत शिरण्याला विरोध, आणि घनमीटरमागे जास्तीत जास्त इतका कार्बन, असं लिहा. कार्बनचा आकडा वर सांगितलेल्या तिसऱ्या जातीच्या, तपासलेल्या घोषणापत्रातून घ्या. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने सरकारी बांधकामातल्या पोलाद, सळया, सपाट काच आणि उष्णतारोधक खनिज लोकर यांना अशीच घोषणापत्रं आणि कमाल मर्यादा लावल्या. नेदरलँड्सचं रस्ते आणि जलमार्ग खातं तर निविदाधारकाच्या आराखड्याचा आयुष्यभराचा पर्यावरणीय परिणाम संगणक-प्रणालीतून युरोमध्ये काढतं आणि दरांची तुलना करताना ती रक्कम हिशेबात धरतं. कमी परिणामाचा आराखडा आणणाऱ्याला त्याचा फायदा थेट क्रमवारीत मिळतो.

एक सावधगिरी. असं काँक्रीट जास्त दिवस ओलं ठेवावं लागतं आणि साचे उशिरा काढावे लागतात. तेवढे दिवस कामाच्या वेळापत्रकात धरा, नाहीतर पहिली भेग पडली की सगळा दोष ‘हिरव्या’च्या माथी येईल.

प्रश्न : रुग्णालयात एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंचा ढीग बघवत नाही. पण रुग्णाच्या सुरक्षेपुढे पर्यावरणाचं नाव काढणं बरोबर आहे का? (परिचारिका, साहित्य समिती सदस्य)

रुग्णाच्या सुरक्षेला हात न लावता करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं सर्वांत मोठं काम कधीकधी एखादी वस्तू घेणं थांबवण्याचं असतं. भूल देण्यासाठी वापरतात तो डेस्फ्लुरेन वायू घ्या. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पटींच्या आसपास तापमानवाढ घडवतो. शरीरात तो जवळजवळ वापरलाच जात नाही, उच्छ्वासातून येतो आणि शस्त्रक्रियागृहाच्या नळीवाटे छताबाहेर जातो. सेव्होफ्लुरेनचा परिणाम त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे आणि बहुतेक शस्त्रक्रियांत तो चालतो. स्कॉटलंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२३ मध्ये डेस्फ्लुरेन घेणं बंद केलं. हा निर्णय भूलतज्ज्ञांनीच घ्यायचा आणि खरेदीने त्यांच्या मागे चालायचं. तुमच्या समितीने त्यांच्यासमोर विषय तर ठेवावा.

पाऱ्याच्या तापमापीचंही असंच झालं. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ चा, २०१७ पासून लागू, आणि त्यात २०२० नंतर पाऱ्याच्या तापमापी आणि रक्तदाबमापकांचं उत्पादन, आयात आणि निर्यात बंद करायचं ठरलं. पण त्याआधीच अनेक रुग्णालयांनी खरेदीच्या यादीतून त्यांचं नाव काढलं होतं.

फेकायच्या वस्तूंबाबत सरसकट नियम करू नका. धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरायचे गाउन घ्यायचे असतील, तर कापड एकाकडून आणि धुलाई दुसऱ्याकडून असं तोडून घेतल्याने कोणीच जबाबदार राहत नाही. गाउन, धुलाई, निर्जंतुकीकरण आणि प्रत्येक गाउन किती वेळा धुतला याची नोंद, हे एकाच करारात एका सेवेचं म्हणून मागा.

प्रश्न : आमची संस्था लहान, वर्षाची मागणी थोडी. आमच्या अटीने कोणता कारखानदार बदलणार? (कार्यालय अधीक्षक)

एकटी तुमची अट बघून कोणी बदलणार नाही. म्हणून शेजारच्या पाच-सहा संस्थांशी बोलून विनिर्देश एक करा. खरेदी एकत्र करता आली तर उत्तमच, पण नुसता मजकूर सारखा ठेवला, तरी पुरवठादाराला तोच माल सगळीकडे विकता येतो.

मोठ्या गिऱ्हाइकाची ताकद दिसते ती अमेरिकेत. कमी वीज खाणाऱ्या संगणकांसाठी १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ हे चिन्ह सुरू झालं तेव्हा ते ऐच्छिक होतं. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने केंद्रीय कार्यालयांना तसेच संगणक घ्यायला सांगितलं गेलं. सर्वांत मोठं गिऱ्हाईक एकदम त्या बाजूला गेल्यावर उत्पादकांना वेगळं वळण घेण्यात अर्थ उरला नाही, आणि त्याचा फायदा घरोघरच्या संगणकांना झाला. २००१ मध्ये तसाच आदेश उपकरणं वापरात नसताना (स्टँडबाय) ओढतात त्या विजेसाठी निघाला : जिथे शक्य आणि परवडणारं असेल तिथे अशा स्थितीत १ वॅटहून जास्त ओढणारं उपकरण घ्यायचं नाही. ओस्लो शहराने बांधकामाच्या जागी धूर न सोडणारी यंत्रं हवीत हे बरंच आधी सांगितलं, २०१९ मध्ये एका रस्त्याच्या कामावर ते करून दाखवलं आणि २०२५ पासून शहराच्या सर्व कामांना ते बंधनकारक केलं. विजेवर चालणारी खोदाई यंत्रं तेव्हा बाजारात फारशी नव्हती. मागणी नक्की आहे म्हटल्यावर ती येऊ लागली.

प्रश्न : मी साधी नागरिक आहे. माझ्या करातून होणारी खरेदी खरंच पर्यावरणाचा विचार करते का, हे मला कसं कळेल? (एक वाचक)

धोरणाची प्रत मागू नका. धोरण सगळ्यांकडे असतं आणि सुरेख भाषेत असतं. कोणतीही एक खरेदी निवडा, म्हणजे दिवे, कागद, फर्निचर यांपैकी काहीही, आणि तिचे तीन कागद बघायला मागा : निविदेतले तांत्रिक विनिर्देश, मूल्यमापनाचा तक्ता आणि माल आल्यावर झालेल्या तपासणीचा अहवाल. पहिल्यात आकडा आणि तो कसा तपासणार याची पद्धत आहे का, दुसऱ्यात त्या आकड्याला किंमत दिली गेली का आणि तिसऱ्यात तो कोणी, कोणत्या तारखेला ताडून पाहिला, एवढं बघा. जपानच्या कायद्यात प्रत्येक सरकारी संस्थेने दरवर्षी हरित खरेदीचं धोरण ठरवून वर्षाअखेरीस त्याचा हिशेब प्रसिद्ध करायचा असतो. तुमच्या भागात तसं बंधन नसेल, तर त्यासाठी लोकप्रतिनिधींना पत्र लिहा. आणि वरच्या तिन्ही कागदांपैकी तिसरा मिळत नाही असं उत्तर आलं, तर त्याच खरेदीच्या पुढच्या वर्षीच्या निविदेवर हरकत म्हणून तेवढंच एक वाक्य लेखी नोंदवा.